ते १२० तास एका पुस्तकाला द्या : ठाणे-नवी मुंबईतील मराठी विभागप्रमुखांना खुले पत्र

सन्माननीय विभागप्रमुख,

सप्रेम नमस्कार.

एम.ए.च्या पहिल्या वर्षात आता ऑन जॉब ट्रेनिंगला चार श्रेयांक आहेत. एका श्रेयांकाचे ३० तास धरले, तर १२० तास होतात. मराठीच्या विद्यार्थ्यांनी हे तास कुठे भरायचे, हा प्रश्न दर वर्षी तुमच्यासमोर येतो. कुणी ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक चिकटवतो, कुणी कार्यक्रमांचे वृत्तांत लिहितो, आणि प्रमाणपत्र मिळते. ठाण्यापासून नेरूळपर्यंत पसरलेले आम्ही काही संपादक, मुद्रितशोधक (प्रूफ वाचून चुका काढणारे), डीटीपी (संगणकावर पानांची जुळणी) करणारे आणि निर्मिती सांभाळणारे लोक तुम्हाला एक विनंती करतो आहोत. ज्यांना प्रकाशनव्यवसायात यायचे आहे, त्यांचे सगळेच्या सगळे १२० तास एकाच पुस्तकावर लावा : हस्तलिखित हातात घेतल्यापासून बांधलेली प्रत हातात येईपर्यंत. आणखी व्याख्याने आणि चर्चासत्रे नकोत.

त्यासाठी प्रकाशकाची वाट पाहायचीही गरज नाही. खरे पुस्तक तुमच्याकडे दर वर्षी तयार होतेच. महाविद्यालयाचे वार्षिक नियतकालिक किंवा चर्चासत्रातल्या निबंधांचा संग्रह आज बाहेरच्या डीटीपीवाल्याकडे जातो, घाईत छापला जातो आणि चुकांसकट वाटला जातो. तेच काम चार विद्यार्थ्यांच्या हाती द्या. शिकवायला आम्ही येऊ.

हे सांगण्याचे कारण असे की या व्यवसायात शिरण्याबद्दल विद्यार्थ्यांच्या मनात जे चित्र असते, ते कामाशी जुळत नाही. मराठी प्रकाशनसंस्था बहुतेक छोट्या असतात. मालक, एखाद-दुसरा संपादक, हिशेब आणि गोदाम पाहणारा माणूस, एवढाच पगारी कारभार. बाकीचे काम बाहेर, पानावर किंवा फॉर्मवर (एकत्र छापल्या जाणाऱ्या १६ पृष्ठांवर) दर ठरवून दिले जाते. त्यामुळे नवख्या माणसासाठी ‘संपादक’ अशी जागा सहसा रिकामी नसते. मुद्रितशोधन, डीटीपी, निर्मिती-साहाय्य आणि विक्री ही आत येण्याची दारे आहेत. त्यातही मुद्रितशोधन हे सर्वांत रुंद दार, कारण चांगला मुद्रितशोधक मिळत नाही ही तक्रार ठाण्यातही ऐकू येते आणि पुण्यातही.

मग तुमचे विद्यार्थी तिथे का पोहोचत नाहीत? त्यांना नियम पाठ असतात, पण प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायला काढलेली पाने, वाचता येत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ नियम आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली ४ नियमांची भर, असे १८ नियम ते परीक्षेत लिहितात. पानावर मात्र ‘जमीनीवर’, ‘बहीणीला’, ‘कविला’ नजरेतून निसटतात. म्हणून नियम शब्दांच्या जोड्यांवर शिकवावेत. फूल, पण फुलाला; जमीन, पण जमिनीत. तत्सम शब्द मात्र जसाच्या तसा राहतो : शरीर-शरीराला, गीत-गीताला. शेवटचा इकार-उकार दीर्घ, म्हणून कवी आणि गुरू. पण समासात आधी आला की ऱ्हस्व, म्हणून कविसंमेलन आणि गुरुपौर्णिमा. ‘आणि’, ‘नि’ हे अपवाद. अशा दोनशे जोड्या डोळ्यांत बसल्या, की निम्मे काम होते.

उरलेले निम्मे म्हणजे वाचण्याची पद्धत. पहिले प्रूफ मूळ कॉपीशी, म्हणजे लेखकाकडून आलेल्या मजकुराशी, ताडून वाचायचे असते. ओळीखाली पट्टी धरायची, आणि डेमी (पुस्तकाच्या नेहमीच्या) आकाराची तासाला आठ-दहा पाने, याहून वेग वाढवायचा नाही. वेग वाढला की डोळा शब्द न वाचता अर्थ वाचू लागतो, आणि वाक्याला अर्थ लागतोय तोवर गळलेला शब्द दिसत नाही. आकडे, सनावळ्या, विशेषनामे यांच्यासाठी एक स्वतंत्र फेरी करावी. दुसऱ्या प्रूफात नवखे लोक हमखास फसतात. ते फक्त खुणा केलेल्या जागा तपासतात. खरे तर एक शब्द वाढला की पुढच्या तीन-चार ओळी सरकतात, परिच्छेदाची शेवटची ओळ पुढच्या पानावर एकटी जाऊन बसते, आणि ऑपरेटरने एक चूक दुरुस्त करताना शेजारचा शब्द खाल्लेला असतो. म्हणून दुरुस्तीची जागा पाहताना तो अख्खा परिच्छेद वाचायचा. शेवटच्या प्रूफात मजकूर बाजूला ठेवून पृष्ठक्रमांक, अनुक्रमणिका, पानांवरची शीर्षके, प्रकरणांची नावे, छायाचित्रांखालच्या ओळी एवढेच पाहायचे. अनुक्रमणिकेतले क्रमांक आणि प्रत्यक्ष पाने यांचा मेळ न बसणे, ही छापील मराठी पुस्तकांतली फार वारंवार दिसणारी चूक आहे, कारण अनुक्रमणिका आधी तयार होते आणि नंतर तिच्याकडे कुणी वळून पाहत नाही.

प्रूफ वाचणाऱ्याने लेखकाची शैली सुधारायची नसते, हेही शिकवावे लागते. निवेदनात ‘डोके’ आणि संवादात ‘डोकं’ असे लेखकाने ठरवले असेल, तर ते तसेच ठेवायचे. ठरवलेच नसेल, तर काम सुरू करण्याआधी एक पानी टिपण करायचे : अनुस्वारी रूपे कुठे, आकडे अंकी की अक्षरी, ‘महाविद्यालय’ की ‘कॉलेज’, अवतरणचिन्ह एकेरी की दुहेरी. हे टिपण संपादक, मुद्रितशोधक आणि डीटीपी करणारा या तिघांसमोर असले, की नंतरची निम्मी भांडणे होतच नाहीत.

आता कॉपी कशी येते ते सांगतो, कारण गेल्या काही वर्षांत चुकांची जातच बदलली आहे. ज्येष्ठ लेखकांचा मजकूर अजूनही श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या जुन्या फाँटांत असतो. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या प्रमाण पद्धतीत, बदलताना रफार भलत्या अक्षरावर जातो, ऱ्हस्व वेलांटी जागा सोडते, अवतरणचिन्हांच्या जागी एखादे अक्षर उगवते आणि मधला इंग्रजी मजकूर पार ओळखू येईनासा होतो. त्यामुळे रूपांतरानंतर आधी ‘कीर्ती’, ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘शृंगार’, ‘ऑक्टोबर’ असे शब्द शोधून पाहायचे. ते नीट असतील तर बाकीचे बहुधा नीट असते. स्कॅन करून ओळखवलेल्या मजकुरात घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य यांची अदलाबदल होते, आणि त्यातून पुष्कळदा एक वेगळाच पण खरा शब्द तयार होतो. तिथे मूळ पान समोर नसेल तर हुशारीचा उपयोग नाही. बोलून टाइप केलेल्या मजकुरात विरामचिन्हे नसतात आणि विशेषनामांचा घोळ असतो. आणखी एक बारीक गोष्ट : ‘ॲ’ हे अक्षर दोन-तीन प्रकारे टाइप होते, दिसायला सारखेच. शोधताना मात्र एक प्रकार सापडतो आणि दुसरा सुटतो. सूची करताना याने फार छळ होतो, म्हणून सुरुवातीलाच सगळे एकसारखे करून घ्यावे.

विद्यार्थ्यांना इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरी अक्षरे थेट उमटवणारा कीबोर्ड यायला हवा. रोमन अक्षरांतून मराठी उमटवण्याची सवय असलेल्यांना तो आधी नकोसा वाटतो, पण दोन-तीन आठवड्यांच्या रोजच्या सरावाने बोटे वळतात. पुढे इनडिझाइन या पानांची मांडणी करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी लावायची, तर ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडावा लागतो. तो राहून गेला की जोडाक्षरे तुटतात. मजकुराची भाषा मराठी अशी निवडावी, कारण काही फाँट भाषा सांगितल्याशिवाय ल आणि श हिंदी वळणाचे देतात. छापखान्यात जाणारा मजकूर निव्वळ काळ्या रंगात असला पाहिजे. चार रंग मिसळून झालेला काळा मशीनवर केसभर सरकला तरी अक्षरांना सावली पडते. तीन इंच रुंद छापायचा फोटो किमान ९०० पिक्सेलचा हवा. व्हॉट्सॲपवरून फिरत आलेला फोटो पडद्यावर छान दिसतो आणि कागदावर विरतो.

कागदाचा हिशेब मराठीच्या विद्यार्थ्याला कशाला, असे वाटेल. निर्मितीत काम करणाऱ्यांना तो पहिल्याच दिवशी लागतो, आणि संपादकाला तो येत असेल तर प्रकाशक त्याचे ऐकतो. २३ बाय ३६ इंचाच्या एका तावात डेमी अष्टमांशी आकाराची १६ पाने, म्हणजे दोन्ही बाजू धरून ३२ पृष्ठे निघतात. १६० पृष्ठांच्या पुस्तकाला पाच ताव. हजार प्रतींना ५,००० ताव, म्हणजे ५०० तावांच्या दहा रीम. वर वाया जाणाऱ्या कागदाचे पाच टक्के धरले, तर साडेदहा. सत्तर जीएसएमच्या (चौरस मीटरला सत्तर ग्रॅम वजनाच्या) अशा एका रीमचे वजन पावणेएकोणीस किलोच्या आसपास भरते, आणि कागदाचा भाव किलोवर असतो. आता लेखकाने शेवटच्या क्षणी मनोगत वाढवले आणि पृष्ठे १६० ची १६३ झाली. छापखाना १६ पृष्ठांच्या फॉर्ममध्ये विचार करतो, म्हणून पुस्तक १७६ पृष्ठांचे होते, एक रीम जादा लागते, आणि मागे तेरा कोरी पृष्ठे राहतात. आठ पृष्ठांचा अर्धा फॉर्म लावून १६८ वर भागवता येते, पण छपाई आणि बांधणीची कटकट वाढते. तीन पृष्ठे कुठे आवळायची हे ज्याला कळते, तो संपादक. एखादे उपशीर्षक वर ओढून, दोन शब्दांसाठी वाढलेल्या ओळी परत घेऊन ते साधते.

किमतीचेही तसेच. समजा पुस्तकाची किंमत २५० रुपये. वितरक-विक्रेत्याची सूट ४० टक्के, म्हणजे १०० रुपये गेले. लेखकाचे मानधन १० टक्के, म्हणजे २५. उरले १२५. छपाई-बांधणीला ६० लागले, तर संपादन, प्रूफ, डीटीपी, मुखपृष्ठ, भाडे, टपाल आणि न विकल्या गेलेल्या प्रती यांच्यासाठी ६५ राहतात. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, त्यामुळे निर्मितीत भरलेला जीएसटी वळता करून घेता येत नाही. तोही याच ६५ मध्ये. ‘प्रकाशक लेखकाला लुबाडतो’ आणि ‘वाचक पुस्तके घेत नाही’ ही दोन्ही वाक्ये बोलण्याआधी विद्यार्थ्याने हा हिशेब एकदा स्वतः मांडलेला असावा.

छापखाना दाखवायला लांब जायला नको. वागळे इस्टेटमध्ये आणि ट्रान्स-हार्बर मार्गालगतच्या रबाळे, महापे, तुर्भे पट्ट्यात छापखाने आहेत. ठाण्याहून लोकलने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येते. मात्र सहलीसारखे नेऊ नका. आपलेच पुस्तक छापले जात असताना न्या. प्लेट, घडी, शिलाई, कटिंग हे सगळे पाहताना विद्यार्थ्याने एकच प्रश्न विचारत राहावे : इथे चूक झाली तर कुठल्या टप्प्यावर कळते? कागदाचे तंतू कुठल्या दिशेने आहेत, हे बाइंडरकडून हाताने वाकवून शिकून घ्यावे. तंतू पुस्तकाच्या पाठीला समांतर नसतील तर पाने लाटांसारखी होतात आणि पुस्तक उघडे राहत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे दुप्पट जाणवते. जुलै-ऑगस्टमध्ये एका बाजूने लॅमिनेशन केलेली मुखपृष्ठे बाहेरच्या बाजूला वळतात, कारण आतला कार्ड ओल धरून फुगतो आणि वरची फिल्म फुगत नाही. पावसाळ्यातच छापायचे असेल, तर बांधणीनंतर प्रती वजनाखाली ठेवून मगच गठ्ठे बांधावेत.

करारनाम्याला मात्र पुरेसा वेळ द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यात कुठले हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती, हे लिहिलेले हवे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. तसे काही वेगळे ठरले नसेल, आणि घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत, तर ते संपुष्टात आल्याचे मानले जाते. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरचा हक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो आणि ही वर्षे पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. १९६५ साली निधन झालेल्या लेखकाचे असे साहित्य १ जानेवारी २०२६ पासून खुले झाले. त्याच्या एखाद्या पुस्तकाचा नंतर कुणी केलेला अनुवाद मात्र अनुवादकाच्या हक्काने बांधलेला असू शकतो. कवितेच्या चार ओळी प्रकरणाच्या सुरुवातीला टाकणे, इंटरनेटवरचे छायाचित्र मुखपृष्ठावर घेणे, या गोष्टी नवखे लोक सहज करतात आणि पत्र आले की घाबरतात. परवानगीची पत्रे मागायची सवय पहिल्याच पुस्तकात लागली पाहिजे.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची ओळख सांगणारा तेरा आकडी क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन आणि मोफत मिळतो. तो विकत देणाऱ्यांपासून विद्यार्थ्यांना सावध करा. कागदी आवृत्ती, पुठ्ठाबांधणी आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. नुसत्या पुनर्मुद्रणाला नवा लागत नाही. तेरा आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज केली, की ती दहाने पूर्ण भागली जाते. श्रेयपानावरचा (प्रकाशक, हक्क, आवृत्ती यांची माहिती असलेल्या पानावरचा) क्रमांक या रीतीने एकदा तपासला, तर टाइप करतानाची चूक तिथेच सापडते. पुस्तक निघाल्यावर १९५४ च्या कायद्याप्रमाणे ३० दिवसांत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली येथील नेमलेली ग्रंथालये यांना प्रकाशकाने स्वखर्चाने प्रत पाठवायची असते. हे काम कुणाच्याच वाट्याला दिलेले नसते, म्हणून राहून जाते.

एक सराव ठाण्यातच होऊ शकतो. विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने १८९३ साली उभे राहिलेले मराठी ग्रंथसंग्रहालय तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे. तिथे विद्यार्थ्यांनी वेगवेगळ्या दशकांतली आठ-दहा पुस्तके समोर घ्यावीत आणि फक्त अर्धशीर्षक (आरंभीचे, नुसते पुस्तकाचे नाव असलेले पान), श्रेयपान, पानाच्या कडेचे समास, ओळींमधले अंतर, पृष्ठक्रमांकांची जागा आणि बांधणी पाहावी. मजकूर वाचायचा नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे जमायला पहिला तासभर कठीण जाते, पण पुस्तक ही बनवलेली वस्तू आहे हे त्याला तिथे दिसू लागते.

आता पैशांबद्दल स्पष्ट बोलतो. ‘अनुभव मिळेल’ एवढ्यावर विद्यार्थ्यांकडून फुकट काम करून घेणारे लोक आमच्याच व्यवसायात आहेत. प्रशिक्षणाचे तास संपल्यावर तुमच्या विद्यार्थ्याने एक पानही विनामोबदला वाचू नये. दर पानावर की फॉर्मवर, किती प्रुफे, पैसे किती दिवसांत, हे काम घेण्याआधी ई-मेलवर लिहून घ्यावे. तिसऱ्या प्रूफानंतर लेखकाने नवा मजकूर घातला, तर त्याचे वेगळे पैसे. सुरुवातीची दोन-तीन वर्षे केवळ पुस्तकांवर घर चालणार नाही, हेही लपवू नका. शालेय गाईडे आणि वर्कबुके, संस्थांचे अहवाल, जाहिरातींचे अनुवाद, श्राव्य पुस्तकांच्या संहिता यांवर महिना निघतो, आणि त्यात कमीपणा नाही. दिवाळी अंक ही सर्वांत चांगली पहिली संधी. ‘मनोरंजन’चा १९०९ चा अंक निघाल्यापासून ही परंपरा चालू आहे, आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत प्रत्येक संपादकाला हात कमी पडत असतात. मे महिन्यात प्रशिक्षण संपवून बाहेर पडलेला विद्यार्थी, स्वतः वाचलेल्या प्रुफांची चार पाने आणि छापील प्रत घेऊन जूनच्या पहिल्या आठवड्यात अंकाच्या कचेरीत गेला, तर त्याला काम मिळण्याची शक्यता बायोडेटा पाठवणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त असते.

म्हणून वेळापत्रक असे सुचवतो. नियतकालिकाचा मजकूर डिसेंबरअखेर गोळा करून बंद करा, त्यानंतर एकही लेख घेऊ नका. जानेवारीत संपादन, फेब्रुवारीत अक्षरजुळणी आणि पहिले प्रूफ, मार्चमध्ये उरलेली प्रुफे, एप्रिलमध्ये छपाई. चार विद्यार्थी पुरेत. प्रत्येकाने प्रत्येक टप्प्यावर थोडे काम करावे; एकाने फक्त प्रूफ आणि दुसऱ्याने फक्त मुखपृष्ठ अशी वाटणी करू नका. विभागाने एक शब्दकोश, नियमांच्या चार छापील प्रती, इनडिझाइन असलेला एक संगणक आणि प्रुफांसाठी प्रिंटरचा कागद एवढी सोय करावी. प्रुफे कागदावरच वाचून घ्या. पडद्यावर वाचलेल्या पानात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका हटकून राहतात.

विद्यार्थी निवडताना कोण कविता लिहितो किंवा कुणाला गुण जास्त आहेत, हे पाहू नका. एक पान मजकूर घ्या, त्यात वीस चुका पेरा : काही शुद्धलेखनाच्या, दोन सनावळ्यांच्या, एखादा गळलेला शब्द, एक दोनदा आलेली ओळ. मूळ कॉपी सोबत द्या आणि अर्धा तास द्या. सापडलेल्या प्रत्येक चुकीला एक गुण, आणि बरोबर असलेला शब्द बदलला तर दोन गुण वजा. पंधराच्या वर गेलेल्यांना आमच्याकडे पाठवा.

आपले,
ठाणे आणि नवी मुंबईतील ग्रंथनिर्मितीत काम करणारे काही जण